वाचकांचे प्रश्न : जाते तेच, टाकी निराळी

प्रश्न : साताऱ्यातील एका शाळेत एकतीस वर्षे जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिनांचा कारखाना आणि सगळे रायबोसोम एकसारखे, असे मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो. माझी नात सध्या जैवतंत्रज्ञान शिकते आहे. ती म्हणते की काही रायबोसोम ‘विशेषीकृत’ असतात आणि कर्करोगाच्या वाढीत त्यांचा हात असतो. ‘आजोबा, तुमचे जुने झाले,’ असेही ती हसून म्हणाली. यात नेमके तथ्य किती?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : नातीचे म्हणणे बरोबर आहे, परंतु आपण शिकवलेलेही चूक नव्हते, ते अपुरे होते, आणि त्या काळी साऱ्या जगाचेच ज्ञान तेवढे होते. माणसाच्या पेशीतील प्रत्येक रायबोसोमला एक मोठा आणि एक लहान असे दोन भाग असतात, आणि त्या दोहोंत मिळून आरएनएचे ४ रेणू व सुमारे ८० प्रथिने असतात. संदेशवाहक आरएनएवरील मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचत जायचा आणि त्याबरहुकूम अमिनो आम्लांची साखळी गुंफत जायची, हे त्याचे काम.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस उलटच समजूत होती. प्रत्येक जनुकाचा स्वतःचा रायबोसोम असावा आणि तो आपल्या वाट्याचे एकच प्रथिन करत असावा, असे शास्त्रज्ञांना वाटत होते. १९६१ मध्ये सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी दाखवले की विषाणूने जिवाणूत शिरकाव केल्यावर नवे रायबोसोम तयार होत नाहीत. जिवाणूचे जुनेच रायबोसोम विषाणूचा संदेश वाचू लागतात. तेव्हापासून ‘रायबोसोमला स्वतःचे मत नसते, समोर येईल ते तो वाचतो’ हा पाठ पक्का झाला. पुढे रायबोसोमची अणूअणूपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले, आणि त्यांतील वेंकटरामन रामकृष्णन हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते.

आता बदलले काय, ते जात्याच्या उदाहरणाने सांगतो. गिरण्या येण्याआधी पाथरवट गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावून, म्हणजे दळणाऱ्या दगडावर छिन्नीने खाचा पाडून, देत असे. जाते तेच, खुंटा तोच, दळणारी बाईही तीच. पण टाकी कशी बसली यावर तांदूळ कसा दळला जाईल आणि ज्वारी कशी, हे ठरत असे. रायबोसोमचेही काहीसे तसेच असल्याचे गेल्या दोन दशकांत दिसू लागले आहे. तो सगळेच संदेश वाचतो, परंतु त्याच्या एखाद्या प्रथिनात किंवा आरएनएवरच्या एखाद्या रासायनिक खुणेत फरक पडला, तर काही संदेश त्याला अधिक सहज वाचता येतात आणि काही जड जातात. अशा रायबोसोमलाच ‘विशेषीकृत’ म्हणतात.

याचे गाजलेले पहिले उदाहरण आखूड शेपटीच्या उंदरांचे. मारिया बार्ना यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की या उंदरांत आरपीएल-३८ या रायबोसोमच्या एका प्रथिनाचे प्रमाण कमी असते. अशा वेळी एकूणच प्रथिननिर्मिती मंदावेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार; पण ती जवळजवळ होती तशीच राहिली. कमी पडली ती मुख्यतः शरीराचा आराखडा ठरवणारी हॉक्स नावाची काही प्रथिने, आणि त्यामुळे मणक्यांची व बरगड्यांची मांडणी बिघडली. एकूण दळण तेवढेच, पण एका विशिष्ट धान्याचे पीठ निघेनासे झाले.

कर्करोगाशी याचा संबंध दोन पातळ्यांवर येतो, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिली पातळी संख्येची. गाठीतील पेशींना सतत दुभंगायचे असते, त्यासाठी भरमसाट प्रथिने लागतात, आणि म्हणून रायबोसोमही. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या हेला या कर्करोगपेशींत दर मिनिटाला रायबोसोमचे सुमारे ७,५०० भाग तयार होतात, असा अंदाज आहे. अनेक कर्करोगांत बेफाम झालेले ‘मिक’ हे जनुक ही निर्मिती वाढवून ठेवते. २००८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात ‘मिक’मुळे लसिका पेशींचा कर्करोग होणाऱ्या उंदरांमध्ये आरपीएल-२४ या एकाच प्रथिनाचे प्रमाण निम्म्यावर आणून प्रथिननिर्मिती सामान्य पातळीवर आणली, तर कर्करोगाचा जोर बराच ओसरला.

दुसरी पातळी प्रकाराची, म्हणजे आपल्या नातीने सांगितलेली. रायबोसोमच्या आरएनएवर २०० हून अधिक ठिकाणी रासायनिक खुणा केलेल्या असतात. त्यांतील बऱ्याचशा खुणा फायब्रिलरिन नावाचे विकर करते, आणि पेशीचा प्रसिद्ध पहारेकरी पी-५३ या विकरावर लगाम ठेवतो. कर्करोगात पी-५३ निकामी झाला की लगाम सुटतो, फायब्रिलरिन वाढते आणि खुणांची ठेवण बदलते. फ्रान्समधील लिऑन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत हे दाखवले. बदललेले रायबोसोम वाचताना अधिक चुका करतात आणि संदेशाच्या टोकावरची नेहमीची ‘टोपी’ न पकडता मजकुराच्या आतल्या जागेवरूनच वाचायला सुरुवात करण्याकडे त्यांचा कल वाढतो. पेशीला वाढीचा हुकूम पोचवणाऱ्या एका ग्राहक (म्हणजे बाहेरचा निरोप पकडणाऱ्या) प्रथिनाचा संदेश अशा आतल्या जागेवरून वाचला जातो, आणि म्हणून त्याचे उत्पादन वाढते. पहारेकरी गेल्याने घरात चोर तर शिरलेच, शिवाय जात्याची टाकीही बदलून गेली, असा हा प्रकार आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. लहान भागातील आरएनएवर १२४८ क्रमांकाच्या जागी एक विलक्षण गुंतागुंतीची खूण असते, आणि ती संदेश वाचला जातो त्या जागेला अगदी लागून असते. कॅनडातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या जवळजवळ ४६ टक्के रुग्णांच्या गाठींत ही खूण अपुरी राहिलेली असते. एकच जागा, एकच उणीव आणि एवढ्या मोठ्या प्रमाणात आढळणारी, हा निव्वळ योगायोग म्हणवत नाही.

प्रश्न : माझ्या यजमानांच्या मूत्रपिंडाच्या गाठीच्या तपासणी अहवालात ‘ठळक न्यूक्लिओलाय’ दिसल्याचे आणि श्रेणी ३ असल्याचे लिहिले आहे. मागच्या अंकात आपण रायबोसोमचा ओझरता उल्लेख केला होता. याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थेट संबंध आहे. न्यूक्लिओलस म्हणजे केंद्रकाच्या आतला तो गोल ठिपका, ज्याला मराठीत केंद्रिका म्हणतात. रायबोसोमचा बहुतेक आरएनए तेथे तयार होतो आणि दोन्ही भागांची जुळवाजुळवही तेथेच सुरू होते. रायबोसोमची मागणी वाढली की ठिपका मोठा होतो.

माझे आयुष्य काचपट्ट्या पाहण्यात गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात रंगवलेल्या पट्टीवर निरोगी पेशीची केंद्रिका शोधावी लागते. ती असते, पण दबून असते. कर्करोगाच्या पेशीत मात्र केंद्रक फिकट आणि फुगलेले दिसते आणि त्याच्या मधोमध जांभळट तांबडा ठिपका असा उठून दिसतो की पट्टीवरून नजर फिरवताना तोच आपल्याकडे टक लावून पाहतो आहे, असा भास व्हावा. पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) सुईने काढलेल्या बारीकशा तुकड्यात निदान अडले असताना या ठिपक्याने आम्हाला अनेकदा वाट दाखवली आहे. ही खूण काही नवी नाही. ज्युसेप्पे पियानेझे या इटालियन विकृतिशास्त्रज्ञाने कर्करोगपेशींतील मोठ्या केंद्रिकांची नोंद १८९६ मध्येच केली होती, म्हणजे रायबोसोम हा शब्द जन्माला येण्याच्या साठ वर्षे आधी.

मूत्रपिंडाच्या नेहमीच्या प्रकारच्या कर्करोगात तर श्रेणीच या ठिपक्यावरून ठरते. ४०० पट मोठे करूनही केंद्रिका दिसत नसेल किंवा जेमतेम दिसत असेल तर श्रेणी १. ४०० पटीला स्पष्ट दिसते पण १०० पटीला ठळक नसते तेव्हा श्रेणी २. आणि १०० पटीलाच ठळक दिसली तर श्रेणी ३. श्रेणी ४ साठी पेशींची वेडीवाकडी रूपे हा निकष लागतो. श्रेणीवरून गाठीच्या स्वभावाचा अंदाज येतो, पण गाठीचा आकार आणि ती कोठवर पसरली आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. तेव्हा एकट्या ‘३’ या आकड्याने घाबरून जाऊ नये आणि पूर्ण अहवाल घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोलावे. हा ठिपका रायबोसोम किती होत आहेत एवढेच सांगतो. ते कोणत्या प्रकारचे आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या पुतण्याला टी-पेशींचा ल्युकेमिया झाला आहे. त्याच्या जनुकीय अहवालात आरपीएल-१० या जनुकात बदल असल्याचे लिहिले आहे. हा दोष आमच्या घराण्यातून आला असावा का? त्याच्या धाकट्या भावाचीही तपासणी करावी का?
— एक काका, नांदेड

उत्तर : प्रथम तुमच्या मनावरचे ओझे उतरवतो. टी-पेशींच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, ल्युकेमियात आढळणारा आरपीएल-१० मधील तो विशिष्ट बदल आजारी पेशींतच नव्याने झालेला असतो. तो आई-वडिलांकडून आलेला नसतो आणि म्हणून भावंडांकडे जाण्याचाही प्रश्न येत नाही. तुमच्या पुतण्याच्या अहवालात नेमका हाच बदल आहे ना, एवढी खात्री उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून करून घ्या आणि धाकट्याच्या तपासणीचा निर्णयही त्यांच्यावर सोपवा.

आता त्या बदलाविषयी, कारण विशेषीकृत रायबोसोम आणि कर्करोग या विषयातील सर्वांत भक्कम पुरावा मी यालाच मानतो. बेल्जियममधील लूव्हेन येथील किम डे केर्समाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हा बदल प्रसिद्ध केला. या प्रकारच्या ल्युकेमियाच्या सुमारे ८ टक्के बालरुग्णांत आरपीएल-१० च्या ९८ व्या जागेवरील आर्जिनिन जाऊन तेथे सेरीन आलेले असते. साखळीतील २१४ दुव्यांपैकी एकच दुवा बदललेला, पण तो रायबोसोमच्या ऐन गाभ्याजवळचा, जेथे अमिनो आम्ले एकमेकांना जोडली जातात. शिवाय आरपीएल-१० चे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलग्यांत त्याची एकच प्रत असते. ती बदलली की पेशीत चांगले आरपीएल-१० उरतच नाही.

यातली विचित्र गोष्ट अशी की हा बदल झालेल्या पेशी सुरुवातीला वेगाने वाढत नाहीत. उलट त्या रेंगाळतात. यीस्टमध्ये हाच बदल केला तेव्हाही वाढ खुंटली. सामान्यतः पेशी नव्या रायबोसोमची कामावर जाण्यापूर्वी परीक्षा घेते आणि सदोष माल बाद करते. यीस्टमध्ये दुसऱ्या एका जनुकात बदल झाल्यावर ही परीक्षाच चुकवली गेली. वाढ पूर्ववत झाली, पण सदोष रायबोसोम मात्र सर्रास कामाला लागले. मुलांच्या ल्युकेमियातही पेशी अशाच आधी मंदावतात आणि मग भरपाईच्या धडपडीत त्यांच्यात नवे बदल साठत जातात, असे या संशोधकांचे मत आहे, आणि मला ते पटते.

असे रायबोसोम कामाला लागले की त्यांची पसंती उघड होते. बीसीएल-२ हे पेशीला मरू न देणारे प्रथिन जास्त तयार होते. सेरीन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या एका विकराचे प्रमाण वाढते आणि त्यातून डीएनएसाठी लागणारा कच्चा माल मिळतो. वाढीचे हुकूम आत पोचवणारी जॅक-स्टॅट ही साखळीही अधिक तापलेली राहते. मरण टळले, माल मिळाला आणि हुकूमही सुटला, तर पेशीला आणखी काय हवे? बीसीएल-२ ला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांत आज वापरात आहे, आणि अशा रुग्णांत त्याचा उपयोग तपासण्यास आधार आहे, असे हेच संशोधक सुचवतात. पुतण्याचे आजचे उपचार मात्र ठरलेल्या केमोथेरपीनेच होतील आणि तसेच व्हावेत.

आरपीएल-१० हे एकटे उदाहरण नाही. डायमंड-ब्लॅकफन हा रक्तक्षयाचा दुर्मिळ आजार जन्मजात असतो. त्याचे पहिले जनुक, रायबोसोमचेच एक प्रथिन बनवणारे, १९९९ मध्ये सापडले. या बाळांची अस्थिमज्जा तांबड्या पेशी पुरेशा तयार करू शकत नाही, आणि हीच माणसे पुढे मोठी झाली की त्यांना कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. आधी पेशींचा तुटवडा आणि पुढे पेशींची उधळण, हे कोडे येथेही आहेच.

प्रश्न : मी पुण्यात एम.एस्सी. करतो. रायबोसोम कमी झाल्यामुळेही काही संदेश मागे पडू शकतात. मग ‘विशेषीकृत’ हे बिरुद लावायची घाई होते आहे, असे आपल्याला वाटत नाही का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : वाटते, आणि ही शंका मोठ्या मंडळींनीही घेतली आहे. डायमंड-ब्लॅकफन रक्तक्षयावर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात रुग्णांच्या पेशींतील रायबोसोमची घडण तपासली, तर ती निरोगी पेशींसारखीच निघाली; कमी होती ती संख्या. तांबड्या पेशी घडवणाऱ्या गाटा-१ या प्रथिनाचा संदेश अशा टंचाईत विशेष मागे पडतो. गिऱ्हाइकांची रांग वाढली की कोपरखळ्या मारणारा आधी दळून घेतो आणि भिडस्त मागे राहतो. जात्याची टाकी येथे बदललेलीच नसते. इतकेच नव्हे, आखूड शेपटीच्या उंदरांच्या कहाणीत ज्या हॉक्स संदेशांना आतून वाचण्याची जागा असल्याचे मानले होते, त्यांतील काहींविषयी २०२२ मध्ये असे दाखवण्यात आले की संदेशाचा अग्रभाग ओळखण्यातच चूक झाली होती.

तरीही मी सगळे एका झटक्यात निकालात काढणार नाही. आरपीएल-१० मध्ये अमिनो आम्ल बदललेले आहे, म्हणजे घडणच वेगळी आहे, आणि १२४८ व्या जागेची खूणही घडणीचाच भाग आहे. ‘डिस्केरिन’ या प्रथिनाच्या दोषाविषयी मात्र मी सावध राहीन. त्यात रायबोसोमच्या आरएनएवरील खुणा कमी होतात हे खरे, पण तेच प्रथिन गुणसूत्रांची टोके जपणाऱ्या टेलोमरेझचाही भाग आहे; मग रुग्णाला कर्करोग झाला तर दोष कोणाच्या पदरात घालायचा? आपण पुढे या विषयात काम केलेत, तर रायबोसोम मोजण्याचे आणि त्यांची घडण तपासण्याचे काम एकाच नमुन्यावर करा, एवढे आवर्जून सांगेन. यातील अर्धे वाद ते दोन नमुने वेगळे असल्याने झाले आहेत, असे माझे मत आहे.

प्रश्न : टेट्रासायक्लिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके जिवाणूंचे रायबोसोम बंद पाडतात, असे वाचले. मग कर्करोगाचे रायबोसोम बंद पाडणारे औषध का नाही?
— एक औषधविक्रेते, रत्नागिरी

उत्तर : जिवाणूचा रायबोसोम आणि आपला रायबोसोम यांच्या घडणीत बराच फरक आहे, आणि ती औषधे त्या फरकावरच जगतात. कर्करोगपेशीचा रायबोसोम मात्र आपलाच असतो. फरक असला तर एखाद्या खुणेचा किंवा एखाद्या अमिनो आम्लाचा. एवढ्या बारीक फरकावर नेम धरणारे औषध आज आपल्या दुकानात नाही.

रायबोसोमला सरसकट धक्का देणारी औषधे मात्र आहेत. सेफॅलोटॅक्सस या झाडात सापडणारे होमोहॅरिंगटोनिन थेट रायबोसोमवर बसते आणि साखळीची सुरुवातच अडवते. ‘ओमासेटॅक्सिन’ या नावाने त्याला अमेरिकेत २०१२ मध्ये रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगासाठी मान्यता मिळाली. आपण रोज हाताळत असाल ते ऑक्झॅलिप्लॅटिन घ्या. सिसप्लॅटिनप्रमाणे तेही डीएनएवर आघात करून पेशी मारते, असे वर्षानुवर्षे मानले गेले. २०१७ मधील संशोधनाने दाखवले की ते प्रामुख्याने रायबोसोमची निर्मिती विस्कळीत करून मारते. जुने फ्लुओरोयुरॅसिलही रायबोसोमच्या आरएनएत शिरते. म्हणजे रुग्णांना रायबोसोमवरची औषधे आपण कितीतरी वर्षे देत होतो. फक्त बाटलीवर तसे लिहिलेले नव्हते. केंद्रिकेतील आरएनएनिर्मितीच रोखण्याच्या हेतूने घडवलेले सीएक्स-५४६१ हे रसायन ऑस्ट्रेलिया व कॅनडात रुग्णांवर तपासले गेले, आणि त्याने त्वचा उन्हाला नाजूक होते असे आढळले.

रायबोसोम अडवण्याचा उलटा परिणामही होऊ शकतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की प्रतिकारशक्तीचे इशारे मिळाल्यावर गाठीतील पेशींत एक विशेष दांडा असलेले रायबोसोम वाढतात. ते रायबोसोम ज्या ग्राहक प्रथिनांची निर्मिती सुकर करतात, त्यांच्यामुळे गाठीची पेशी आपल्या मारेकरी टी-पेशींच्या नजरेस पडते. हा दांडा काढून टाकला, तर टी-पेशींना ती पेशी नीट ओळखता येत नाही आणि मारताही येत नाही. म्हणून इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार, घेणाऱ्या रुग्णाला सोबत रायबोसोम दडपणारे औषध द्यायचे झाले, तर आधी कोणते आणि नंतर कोणते, हा क्रम आम्हाला नव्याने शिकावा लागेल.